एक नर, तीन माद्या

मासे इतके भांडतात हे मला आधी कुणी सांगितलं असतं, तर मी टाकी घेतलीच नसती. भांडायला आमच्या घरात मी एकटी पुरेशी आहे. पौडला बसस्टँडच्या मागं आमचं घर. पुढच्या खोलीत माझं शिलाई मशीन, आणि ब्लाऊज वेळेवर मिळाला नाही म्हणून आवाज चढवणाऱ्या बाईला मी कशी गप्प करते, ते सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. माझी आई म्हणायची, हिच्या जिभेला हाड नाही. कुणाच्याच नसतं, असं म्हणून मी पुढं जायचे.

तर त्या पुढच्या खोलीत, मशीनच्या पलीकडं, माझ्या सासऱ्यांची खाट. त्यांना मी मामा म्हणते. ताम्हिणीच्या वर डोंगरमाथ्यावर त्यांची वस्ती होती. वस्ती म्हणजे एकच घर, पुढं शेरडांचा वाडा, आणि सासूबाई गेल्यापासून तिथं मामा एकटे आणि त्यांच्या शेळ्या. आम्ही किती वेळा म्हटलं, खाली या. ते म्हणायचे, शेरडं काय पौडच्या स्टँडवर चारू? मग एका पावसाळ्यात शेवाळलेल्या कातळावरून पाय घसरला आणि खुबा मोडला. पुण्यात ऑपरेशन झालं, आत पट्टी बसवली, आणि मामा आमच्या पुढच्या खोलीत आले. मागं शेळ्या कुणी बघायच्या? मामांचा धाकटा भाऊ डोंगराच्या पायथ्याला राहतो, त्यानं त्या विकून टाकल्या. कोण घेऊन गेलं, कुठं गेल्या, मामांनी एका शब्दानं विचारलं नाही.

डॉक्टर म्हणाले होते, वॉकर धरून रोज चाला, नाहीतर पाय कायमचा जाईल. मामा चालेनात. पलीकडच्या बाथरूमपर्यंत, ते पण माझा नवरा घरी असेल तरच. बाकी वेळ भिंतीकडं तोंड करून पडून. जेव म्हटलं की दोन घास. आणि बोलायचं म्हटलं तर एकच वाक्य, "मला वर न्हेऊन सोडा."

वर काय होतं? कुलूप घातलेलं घर. लाइट नाही, शेजार नाही, धडधाकट माणसाला पायथ्यापासून वर पोचायला घाम फुटतो. मामांना डोलीत घालूनच न्यावं लागलं असतं. मी एकदा विचारलं, "वर जाऊन करणार काय, मामा?" तर म्हणाले, "पडून ऱ्हाईन. हितं बी पडलोयच की." मी परत मशीनवर जाऊन बसले.

शेवटी नवऱ्यानं हात टेकले. तो पिरंगुटच्या कारखान्यात शिफ्टला जातो, रोज घरी आलं की तेच ऐकायचं. त्यानं शब्द दिला, दसरा होऊ दे, वाट वाळू दे, मग सोडतो. मला त्याचा अर्थ कळत होता. मामा डोलीतून वर गेले असते, ते खाली आले असते तिरडीवरून. आणि मला ते नको होतं. सुनेनं असं उघड बोलायची पद्धत नाही, पण मला तो माणूस आवडतो. माझ्यासारखाच तिरसट आहे.

टाकी मी मामांसाठी घेतली असं आता पाव्हणेरावळे म्हणतात. मी पण मान डोलावते. पण ते खोटं आहे. मी ती माझ्यासाठी घेतली. मुलगी लग्न होऊन गेली, नवरा शिफ्टला, आणि दिवसभर माझ्यासमोर एक भिंत आणि भिंतीकडं तोंड केलेली एक पाठ. माणूस वेडं होईल. भूगावचं एक गिऱ्हाईक फ्लॅट सोडून परगावी चाललं होतं, त्या बाईनं विचारलं, "आमची माशांची टाकी नेता का? दोन फुटांची आहे, फिल्टर आहे, हीटर आहे." मी हो म्हटलं तेव्हा माझ्या डोक्यात मामा नव्हतेच.

पिरंगुटच्या रस्त्याला माशांचं एक दुकान आहे. एका बाईचं. माझ्याच वयाची, आवाज माझ्यापेक्षा मोठा. तिनं सांगितलं की टाकी भरल्या भरल्या मासे सोडायचे नाहीत. फिल्टर चालू ठेवायचा, रोज चिमूटभर खाणं पाण्यात टाकायचं, म्हणजे घाण पचवणारे डोळ्यांना न दिसणारे जीव तयार होतात. काही आठवडे लागतात. मी इमानेइतबारे रोज सकाळी रिकाम्या पाण्यात खाणं टाकायला लागले. एक दिवस पाठीमागून आवाज आला.

"कुणाला घालतीस?"

मी दचकले. मामा मान वळवून बघत होते.

"माशांना."

"कुटंयत मासं?"

"यायचेत अजून."

मामांनी जरा वेळ पाण्याकडं पाहिलं. "मग राखण कशाची चाललीया? पाण्याची?" एवढं बोलून परत भिंतीकडं वळले. मला त्या दिवशी हसूही आलं आणि काळजात हललंही, कारण कित्येक महिन्यांत 'वर सोडा' सोडून दुसरं वाक्य मी त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

मासे निवडायला गेले त्या दिवशी दुकानदारीणबाईनं मला तासभर उभं केलं. मी म्हटलं, "मला ओळख ठेवणारे मासे पाहिजेत. नुसते इकडून तिकडं पळणारे नकोत." ती म्हणाली, "मग सिक्लिड बघा. माणसाला ओळखतात. पण डोक्यानं फिरलेले असतात, आधीच सांगते." आणि सुरू झाली. मला आवडला तो कपाळावर टेंगूळ असलेला फ्लॉवरहॉर्न. ती म्हणाली, त्याला एकट्यालाच ठेवायचा, सोबतीला कोण दिलं तर सकाळी सोबत गायब. ऑस्कर नावाचा एक काळा-तांबडा बोटाएवढा मासा होता, गोड चेहऱ्याचा. "पुढच्या वर्षी ताटाएवढा होईल, मग तुम्ही मलाच शिव्या घालाल." पिवळेधमक आफ्रिकेचे होते, त्यांना जड पाणी लागतं आणि मोठी टाकी लागते, आपलं मुळशीचं पाणी हलकं. एंजलला टाकी उंच पाहिजे, शिवाय बारीक मासा त्याच्या तोंडात मावला की संपला. मग रॅम. काय देखणा मासा, निळ्या जरीचे ठिपके अंगभर. मी म्हटलं हाच द्या. तिनं विचारलं, "पावसाळ्यात पौडला लाइट किती जाते?"

"विचारू नका."

"मग नको. ऊब गेली की हा मान टाकतो."

मला राग यायला लागला होता. दुकान मांडून बसायचं आणि प्रत्येक गोष्टीला नको म्हणायचं, हा कुठला धंदा? मी तसं बोलले पण. ती हसली आणि मला कोपऱ्यातल्या टाकीपाशी घेऊन गेली. क्रिब. बोटभर लांबीचे, अंगावर एक काळा पट्टा, आणि मादीचं पोट पिकत आलेल्या करवंदासारखं लालजांभळं. "हा आहे तुमच्याजोगा. मोठा होत नाही, पाण्याचे फार नखरे नाहीत, नारळाची करवंटी पालथी घातली की त्याचं घर झालं. पण दोन फुटांत एकच जोडी. एक नर, एक मादी. वरच्या पाण्यात फिरायला दुसरे चपळ मासे घ्या, भांडणात न पडणारे. खालची जागा जोडीची, तिथं दुसरं कुणी नको."

मी फोटो काढले आणि म्हटलं, उद्या येते. एवढ्या चौकशीनंतर लगेच घेतलं तर ती जिंकल्यासारखं झालं असतं.

घरी येऊन चहा ठेवला आणि उगाच मामांपुढं फोन धरला. वाटलं, बघतील किंवा नाही बघणार. त्यांनी चष्मा मागितला.

"ही तर चिलापी."

मला हसू फुटलं. कारण दुकानात तेच ऐकलं होतं, की कासारसाईच्या धरणावरून आपण जी चिलापी आणून तळतो ती याच घराण्यातली. मी म्हटलं, "व्हय, लांबची भाऊबंद हायेत."

"मग खायाची सोडून बघत बसणार?" आणि लगेच, "किती आणणार?"

"एक नर, एक मादी."

मामा कोपरावर उठले. मी खोटं सांगत नाही, आधाराशिवाय उठले. "येडी हायेस का तू? एका नराला एक मादी? मग त्यो दिसभर तिच्याच मागं लागल, तिला खाऊ देणार न्हाई का बसू देणार न्हाई. एक नर, तीन माद्या. म्हंजी सगळी गपगुमान ऱ्हात्यात." मग त्यांच्या एका बोकडाची गोष्ट निघाली, तो कसा शेळ्या कमी असताना कुंपण मोडायचा. त्यावरून एका शेळीची निघाली. बोलता बोलता त्यांनी हातानं हवेत वाडा आखला, दार कुठं, गव्हाण कुठं. माझा चहा कपातच निवला. मी उठले नाही. उठले असते तर ते थांबले असते.

दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन म्हटलं, "एक नर, तीन माद्या."

बाई माझ्याकडं बघतच राहिली. "काल काय सांगितलं मी? ताई, यांच्यात माद्याच जास्त खमक्या. एकमेकींना फाडतील."

"आमच्यात पण माद्याच खमक्या आहेत. तीन द्या."

ती बरोबर बोलतेय हे मला कळत होतं. पण मामांनी इतक्या दिवसांनी कशावर तरी मत दिलं होतं, आणि ते मी पिशवीत न घालता घरी गेले असते तर? एक जास्तीचा मासा मेला तर मेला, असा हिशोब मी केला. तोंडानं खमकी असले तरी आत मी इतकी बावळट आहे.

पहिले दिवस बरे गेले. मामांनी मला खाटेची दिशा बदलायला लावली, उशी भिंतीकडून काढून दाराकडं केली, म्हणजे टाकी समोर. गिऱ्हाइकं यायची, मामा त्यांना सांगायचे, "त्यो नर हाय. बाकी तिगी त्याच्या." बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. मग मासे वयात आले. तिघींतली थोरली पहिल्यांदा रंगली. पोट लालबुंद, अंग वाकडं करून नरापुढं थरथरायची. करवंटी तिनं ताब्यात घेतली आणि दुसऱ्या दोघींच्या मागं लागली. मामा म्हणाले, "ठरवत्यात. नव्या शेळ्या बी पैल्यांदा टकरा घेत्यात, मग लागतं सरळ." आम्ही वाट बघितली. सरळ काही लागेना. एक मादी फिल्टरच्या मागं शिरली ती बाहेरच येईना, शेपटीच्या चिंध्या झालेल्या. दुसरी वर कोपऱ्यात तोंड पाण्याबाहेर काढून उभी. आणि नर, ज्यानं मधे पडायचं असं मामांचं म्हणणं, तो थोरलीच्या बाजूनं होऊन मारायला लागला.

मामा दिवसभर बघत राहिले. संध्याकाळी मी भाकरी घेऊन गेले तर त्यांनी ताट सरकवलं.

"मला जनावर बी कळंना झालं, पोरी," ते म्हणाले आणि भिंतीकडं वळले.

पाय गेला, शेरडं गेली, डोंगर गेला, तरी त्या माणसाकडं ही एक गोष्ट उरली होती, की जनावर आपल्याला कळतं. ती पण आता मीच काढून घेतली होती, लाड करायला जाऊन. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी चहा घेतला नाही. नवरा कामाला जाताना हळूच म्हणाला, "दसऱ्याआधीच सोडू का त्यांना? वाट निसरडी असली तर माणसं वाढवून घेऊ." तो गेला आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मी खाटेपाशी जाऊन उभी राहिले. "मामा, तिकडं दोन जीव मरायला टेकलेत आणि तुम्ही हितं रुसून पडलाय. कुणाच्या सांगण्यावरून आणल्या मी त्या?"

पाठ हलली नाही.

"चुकलं तर चुकलं. शेळी न्हाई ती, मासा हाय. तुम्हाला काय जन्मतः म्हाईत असणार? पण आता त्यांना तिथनं काढायचं का मरू द्यायचं, ते तोंड हिकडं करून सांगा."

सासऱ्याशी असं बोलतात का? नाही बोलत. मग मामांनी भिंतीला हात टेकला, उठून बसले आणि म्हणाले, "पिशवी आन."

मी अर्धं पाणी काढलं, करवंटी उचलली, तेव्हा कुठं त्या दोघी जाळीत आल्या. पिशवीत पाणी भरून रबर लावलं. मी चपला घालायला लागले तर मामा वॉकरला हात घालत होते.

"तुमी कुटं?"

"माझ्या पायी त्यास्नी मार बसला. मीच न्हेऊन देणार."

दारापासून रिक्षापर्यंत गेलो त्याला किती वेळ लागला कुणास ठाऊक. पायरीवर ते थांबले, घाम पुसला, मला वाटलं आता मागं फिरतील. समोरच्या किराणावाल्यानं खुर्ची आणून दिली. मामा बसले, धाप लागलेली, आणि पिशवी मांडीवर घेऊन आत बघितलं. "जित्या हायेत," म्हणाले, आणि उठले. ऑपरेशननंतर ते घराच्या बाहेर आले ते त्या दिवशी.

दुकानात मामांनी पिशवी काउंटरवर ठेवली आणि सरळ सांगितलं, "बाई, चूक माझी हाय. सून तुझं ऐकत हुती, मीच म्हनलो तीन आन. ह्यांना बरं कर." एवढ्या मोठ्या आवाजाची ती बाई, पण तिचा आवाज एकदम खाली आला. तिनं दोघींना वेगवेगळ्या टाक्यांत सोडलं, औषध घातलं, म्हणाली, "शेपट्या परत येतात, बाबा. काही होत नाही." मग मामांना स्टूल दिलं. मामा म्हणाले, "ह्यांच्यात जोडीच ठिवायची असं का?" तिनं सांगितलं की क्रिबमध्ये पिल्लं सांभाळायला दोघं लागतात, म्हणून एक जोडी जमली की ती आपल्या जागेत तिसरं कुणी येऊ देत नाही. मामांनी ते ऐकून घेतलं आणि मान हलवली. मग त्यांनी एकेक टाकी बघायला सुरुवात केली. हा कोण, तो कुणाशी जमवून घेतो, ह्याचं तोंड केवढं, तो खाली बसतो का वर. ती बाई उत्तरं देऊन थकली, मधेच तिनं वेगळ्या टाकीसकट फ्लॉवरहॉर्न त्यांच्या गळ्यात मारायचा प्रयत्न केला, मामा म्हणाले, "एकलकोंडं जनावर नको." शेवटी त्यांनी साधे पट्टेरी झेब्रे निवडले, वरच्या पाण्यात झुंडीनं पळणारे. मी म्हटलं, त्यापेक्षा ते चमकणारे बघा की. तर म्हणाले, "ह्ये चपळ हायेत. त्या थोरलीच्या हाताला लागायचं न्हाईत." आणि खरंच नाही लागले.

त्यानंतर टाकी माझी राहिली नाही. टाकीच्या पलीकडच्या बाजूनं करवंटीचं तोंड दिसतं, आणि खाटेवरून ती बाजू दिसत नाही. म्हणून मामा दिवसातून कितीदा तरी उठायचे, वॉकर ढकलत पलीकडं जायचे, बघायचे आणि परत यायचे. मी मशीनवर मान खाली घालून बसायचे. काय ओ, आज चालायला लागलात, असं चुकूनही म्हटलं नाही. म्हटलं असतं तर त्यांनी वॉकर तिथंच टाकला असता, मी ओळखते त्यांना. मी सुद्धा तेच केलं असतं.

भाद्रपदात थोरली दिसेनाशी झाली. करवंटीत गेली ती बाहेरच येईना. नर बाहेर फेऱ्या मारत होता, झेब्रे खाली आले की हुसकत होता. मामांचा जीव वरखाली. करवंटी उचलून बघू का, असं मी म्हटलं तर खेकसले, "हात लावू नगंस." त्यांनी सकाळचा चहा टाकीसमोर खुर्ची ओढून घ्यायला सुरुवात केली. आणि एका सकाळी मी आत कणीक मळत असताना हाक आली. मी पिठाचे हात घेऊन धावले. थोरली बाहेर आली होती. तिच्या खाली, वाळूला लागून, राखेची चिमूट सांडावी तसं काहीतरी हलत होतं. पिल्लं. ती पुढं सरकली की सगळी पुढं, ती थांबली की सगळी तिच्या पोटाखाली. एखादं भरकटलं की नर जायचा, ते तोंडात धरायचा आणि आणून घोळक्यात सोडायचा. मला वाटलं गिळलं. मामा म्हणाले, "न्हाई, सोडलं बघ." मग तोंड काचेजवळ नेऊन बघत राहिले.

"बाप बी राखतुया," ते शेवटी म्हणाले. "बोकड कवा पिल्लाकडं ढुंकून बघत न्हाई. म्या एवढी शेरडं राखली, असं न्हाई बघितलं." मला वाटलं मोजतील आता. त्यांनी बोट काचेवर ठेवलं, सुरुवात केली, सोडून दिली, परत सुरुवात केली. "मोजता येईनात," म्हणाले, आणि त्यांच्या तोंडावर इतकं निर्मळ हसू होतं की मला आत जावं लागलं. कणकेचे हात डोळ्यांना लावले, मग डोळे चुरचुरले ते वेगळं.

पिल्लांना खायला काय द्यायचं ते मामांनी त्या दुकानदारीणबाईला फोन लावायला लावून स्वतः विचारलं. उकडलेल्या अंड्याचा बलक, फडक्यातून गाळून, थोडा थोडा. माझ्या कपाटातलं मलमलीचं नवं अस्तर त्यांनी त्यासाठी फाडलं. एका गिऱ्हाइकाचं होतं ते. दुसऱ्या कुणी फाडलं असतं तर मी त्याची खैर ठेवली नसती. आणि एका दुपारी पाऊस असा लागला की पौडची लाइट गेली ती येईना. फिल्टर बंद. पाण्यात हवा कमी पडते, हे मामांना तोवर ठाऊक झालं होतं. त्यांनी माझ्याकडून तांब्या मागितला आणि टाकीच्या कोपऱ्यात, पिल्लांपासून लांब, पाणी भरून उंचावरून बारीक धारेनं परत सोडायला लागले. मी म्हटलं, द्या मी करते, तुम्ही बसा. मला हातानं बाजूला केलं. अंधारून आलेलं, बाहेर पागोळ्या, आणि मामा उभे. वॉकर खाटेपाशीच होता. एका हातानं टेबल धरलेलं, दुसऱ्या हातात तांब्या. लाइट येईपर्यंत ते बसले नाहीत. मी तेव्हा मनात म्हटलं, आता नवऱ्याशी बोलायला पाहिजे. पण बोलले नाही. शब्द त्यानं आपल्या बापाला दिलेला होता, मी मधे पडून काय सांगणार? आणि मामांनी पण 'वर सोडा' म्हणायचं थांबवलं होतं, पण 'सोडू नका' असं काही म्हटलं नव्हतं. त्या दोन गोष्टींत फरक आहे.

दसरा झाला. वाट वाळली. नवऱ्यानं रजा टाकली. दुपारी मामांच्या भावाचा फोन आला. मामांना कमी ऐकू येतं म्हणून फोन स्पीकरवर असतो, त्यामुळं मशीनवर बसून मला सगळं ऐकू येत होतं. मामा टाकीसमोर खुर्चीवर, मांडीवर वाटी, हातात बलकाचं फडकं.

"उद्या सकाळी जीप येतीया बघ. डोलीला माणसं बी सांगितल्यात. घर झाडून घेतलंय तुझं. तयार ऱ्हा."

माझा पाय पॅडलवर थांबला. नवरा दारात उभा होता, त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि खाली पाहिलं. मी ओठ दाताखाली धरला. एकदा तरी गप्प बसायचं, असं ठरवलं होतं, आणि आयुष्यात इतकं जड मला कधी काही गेलं नाही.

"उद्या?" मामा म्हणाले.

"व्हय, उद्याच. तूच तर पावसाळाभर मागं लागला हुतास."

"उद्या न्हाई जमायचं. पिल्लं लई बारीक हायेत."

पलीकडनं भावाचा आवाज चढला. "कुणाची पिल्लं? शेरडं कवा घेतलीत?"

"शेरडं न्हाईत."

"मग काय हाय?"

मामांनी फोनकडं बघितलं. मग टाकीकडं. थोरली खाण्याच्या वेळेला काचेपाशी येऊन थांबली होती, मागं सगळा घोळका. बलक फडक्यावर वाळायला लागला होता.

"आरं बोल की. परवा येतोस का? त्या मानसांना काय सांगू?"

मामांनी फोन माझ्याकडं धरला. "ह्याला काय सांगायचं त्ये तू सांग, पोरी. मला टाइम न्हाई."